कमानीखालचा मान

५ सप्टेंबर, शुक्रवार

शिवलीला,

फोनवर ब्लॉक केलंस, व्हॉट्सॲपवर ब्लॉक केलंस, व्हाइटफील्डच्या ऑफिसात गेटवरच्या माणसाला माझा फोटो दाखवून ठेवलास. ठीक. पण पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही. हे पत्र कोरमंगलाच्या तुझ्या पीजीत पोचेल आणि सुलभाताई ते तुझ्या ताटाशेजारी ठेवतील. पीजी चालवणाऱ्या बायका माणसं ओळखतात. त्यांना मी आवडतो.

माफी मागायला लिहीत नाहीये, हे आधीच सांगतो.

वॉर्ड ऑफिसच्या सभेत तू उभी राहिलीस आणि तुझ्या त्या निपाणीच्या स्वच्छ कानडीत म्हणालीस, तोफपुलाची कमान माथ्यावर खचली आहे, पायाचे दगड पाण्यानं सुटलेत, पूल दसऱ्याच्या आत बंद करा. इथपर्यंत मी गप्प होतो. इंजिनिअर आहेस, पगार घेतेस, बोलणारच. पण पुढे तू म्हणालीस, "भेगा वरवर दिसत नाहीत, कारण दर वर्षी त्यांच्यावर चुना लावला जातो."

हे तुला कोणी सांगितलं? मी! दोन वर्षांपूर्वी चप्पल हातात घेऊन तुला कमानीखाली कोणी नेलं होतं? चुना, गूळ, बेलफळाचं पाणी कसं कालवतात, भेगेत बोटानं कसं दाबतात, ते कोणी दाखवलं? घरच्या माणसाला दाखवावं तसं दाखवलं होतं मी. तू ते रिपोर्टच्या नवव्या पानावर छापलंस.

म्हणून मी उठलो. तुझा रिपोर्ट फाडला, ते जरा जास्त झालं. पण जे बोललो ते पुन्हा बोलेन. "पूल पडेल म्हणते ना ही? मग दसऱ्याला देवीची पालखी लॉरीवर ठेवा आणि भरलेली लॉरी पुलावरून न्या. मी खाली उभा राहतो. मेलो तर हिचा रिपोर्ट खरा!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू वाजवल्या नाहीस. तू माझ्याकडे असं बघितलंस की जणू मी अनोळखी आहे.

तुला आमच्या पुलाचा इतिहास ठाऊक आहे, पण पाठ केल्यासारखा ठाऊक आहे. पुन्हा ऐक. अलीकडे आमची पेटे, म्हणजे जुनी पेठ, पलीकडे गोऱ्यांची छावणी, जिला आमचे लोक अजून दंडू म्हणतात. मध्ये ओढा. पावसाळ्यात तोफा अडकायच्या. तेव्हा आमच्या येसाजी गवंड्यानं एका कमानीचा हा पूल बांधला. पहिली तोफ जाणार त्या दिवशी साहेब म्हणाला, टिकेल का? येसाजी पोरांना घेऊन कमानीखाली जाऊन उभा राहिला. सोळा बैलांची तोफ डोक्यावरून गेली. खडासुद्धा पडला नाही. साहेबानं टोपी काढली आणि सनद लिहून दिली. ती आमच्या देव्हाऱ्यात आहे. तेव्हापासून दसऱ्याच्या सीमोल्लंघनाला देवीची पालखी पूल ओलांडते आणि ती ओलांडेपर्यंत गवंड्यांचा एक पुरुष खाली उभा असतो. एकतीस वर्षं आप्पाजी काका उभे राहिलेत. यंदा त्यांच्या गुडघ्यामुळे मी.

आणि ऐक, इंजिनिअरबाई. भेग हलते की नाही हे बघायला भेगेवर आडवी काचपट्टी चिकटवतात, भेग हलली की काच फुटते, हे तिसऱ्या सेमिस्टरला आपण एकाच बाकावर बसून शिकलो. एक जूनला मी ती पट्टी बसवली. आज पाच सप्टेंबर. काच अखंड आहे. फोटो सभेत दाखवला होता, तू बघायला थांबली नाहीस.

अभिराज


१२ सप्टेंबर

शिवलीला,

सुलभाताईंनी तुझी चिठ्ठी दिली. सात दिवस वाट बघायला लावलीस आणि पाच शब्द लिहिलेस. 'फोटो नको. काच दाखव, अभी.'

पण 'अभी' लिहिलंस. ती चिठ्ठी मी शर्टाच्या खिशात ठेवली आहे.

काच दाखवायची कशी? ती भेगेवर चिकटलेली आहे. उपटून आणू? असले बिनडोक प्रश्न तू विचारत नसतेस.

सध्या देवनहळ्ळीला एका लेआउटवर आहे. काल शेत होतं तिथे आज मी चुन्याच्या फक्कीनं प्लॉटच्या रेघा मारतो. पाऊस आला की रेघा जातात, मग पुन्हा मारतो. मालक मला 'इंजिनिअर' म्हणून हाक मारतो आणि हसतो. मी अजून त्याच्या तोंडात मारलेली नाही, हे तुझ्या माहितीसाठी.

तू म्हणायचीस, तू दुसऱ्यासाठी भांडतोस आणि दुसऱ्याला विचारत नाहीस. कॉलेजची ती गोष्ट मी अजून विसरलेलो नाही. व्हायव्हाला त्या सरांनी तुझ्या बोलण्याची नक्कल केली, 'ये उत्तर कर्नाटका', आणि मी ड्रॉइंगची फाइल त्यांच्या अंगावर फेकली. मला वाटलं तू खूश होशील. तू जिन्यात गाठून म्हणालीस, "मी सांगितलं होतं का तुला? आता डिग्री होईपर्यंत सगळे मला फाइलवाली म्हणतील. तू जाशील निघून." मी खरंच गेलो निघून. त्यांनी काढलं नव्हतं, फक्त माफीचा अर्ज मागितला होता. हे तुला कधी सांगितलं नाही. तुला वाटत होतं मला काढलं.

असो. खबर ही की लॉरीचं नक्की झालं. मिरवणूक समितीच्या गिरीराजनं माझा शब्द उचलून धरला. त्याला पूल बंद होऊ द्यायचा नाही. लॉरीत पालखी, जनरेटर, वाजंत्री आणि समितीची वीस माणसं. "एकदा गेली की बंदीची ऑर्डर गेली कचऱ्यात," असं तो म्हणतो. आप्पाजी काका तर इतके खुलले आहेत! परवा मला म्हणाले, "मगा, लेका, दोनशे वर्षांनी परत तोफेएवढं वजन जाणार. तू नशीबवान."

तूही त्यांना माझ्यासारखं दोड्डप्पा, मोठे काका, म्हणायला लागली होतीस. ते विचारतात तुझ्याबद्दल. "ती निपाणीची पोर का येत नाही? स्वल्प भांडण झालं का?" मी म्हणतो, स्वल्पच.

एकदा भेट. पुलावर नको. कुठेही.

अभिराज


१९ सप्टेंबर

शिवलीला,

तुझं उत्तर नाही. पण ऑर्डर आली. पुलाच्या दोन्ही तोंडांना लोखंडी अडसर लागले, 'वाहनांस बंदी'. दुपारपर्यंत समितीच्या पोरांनी ते उचलून बाजूला ठेवले.

मी एक ठरवलंय. तू नेहमी कागद मागतेस ना? मी कागदच दाखवतो. सनद देव्हाऱ्यातून बाहेर काढतोय. आमच्या घरात ती कोणी वाचलेली नाही. मोडी कोणाला येतं? दर दसऱ्याला पेटी उघडायची, हळद-कुंकू वाहायचं, खालच्या थापीच्या शिक्क्याला नमस्कार करायचा, पेटी बंद. आई ओरडली, "अरे, पितृपक्षात देव्हाऱ्यातलं हलवतात का?" मी म्हटलं, पितरांचाच कागद आहे, त्यांच्याच पंधरवड्यात वाचू.

बसवनगुडीला भीमाचार्य म्हणून आहेत, तंजावरकडचे मोडी कागद वाचण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांच्याकडून वाचून घेतो, टाइप करतो आणि थेट मोठ्या साहेबांकडे देतो. सरकारनंच ज्या पुलाला सनद दिली तो पूल सरकार कसा बंद करेल? तुझ्या नवव्या पानासमोर माझं एक पान.

रविवारी जातोय. काय निघतं ते लिहितो. अक्षर न् अक्षर लिहितो.

अभिराज


२३ सप्टेंबर

शिवलीला,

भीमाचार्यांकडे जाऊन आलो. कागद फार जुना आहे, शाई उडाली आहे, वरचे चार शब्द लागले, बाकी लागत नाही म्हणाले.

काल घट बसले. घरात गडबड आहे. फार लिहीत नाही.

अभिराज


२७ सप्टेंबर, शनिवार

शिवलीला,

मागच्या पत्रात खोटं लिहिलं. कागद पूर्ण लागला. भीमाचार्य अडखळलेसुद्धा नाहीत. वाचताना ते मध्येच थांबले आणि म्हणाले, "बाळा, घरात वडीलधारं कोण आहे? त्यांना घेऊन ये, मग पुढे वाचू." मी म्हटलं, वाचा. आवाज चढला माझा. त्यांनी वाचलं. मी उतरवून घेतलं ते असं:

'जामीनकतबा लिहून दिला येसाजी गवंडी याणें ऐसाजे. ओढ्यावरील पूल बांधिला त्याचे कामाविशीं साहेबांस इतबार नाहीं. सबब जेव्हां जेव्हां तोफखाना पुलावरून जाईल तेव्हां माझा पुत्र अगर घरचा एक पुरुष कमानीखालीं उभा राहील. पूल खचोन मनुष्य दगावल्यास दाद मागणार नाहीं. मनुष्य उभा न केल्यास माझा उजवा हात तोडावा. निशाणी थापीची.'

सनद नाही. साहेबानं टोपी काढली नाही. येसाजीच्या कामावर भरवसा नव्हता म्हणून त्याची पोरं ओलीस ठेवली, आणि त्यानं लिहून दिलं की मेली तरी तक्रार करणार नाही. ज्या थापीला आम्ही नमस्कार करतो ती त्या अडाणी माणसाची सही आहे. तोफखाना गेला, साहेब गेले, दंडूही गेला, आणि आम्ही अजून उभे आहोत. कोणी उभं करत नाही तरी उभे आहोत, वरून हळद-कुंकू वाहतो आहोत.

मी विचारलं, "आचार्य, नक्की?" ते म्हणाले, "अक्षर तर मोत्यासारखं आहे."

आता दुसरं. हे लिहायला तीन दिवस लागले.

काच फुटली होती. एक जूनला बसवली ती श्रावणात फुटली. मी दुसरी बसवली. ती बारा दिवसांत गेली. तिसरी बसवली आणि सभेच्या आदल्या दिवशी तिचा फोटो काढला, कडेला खडूनं एक जूनची तारीख टाकून. तीसुद्धा सहा सप्टेंबरला फुटली, म्हणजे तुला 'अखंड आहे' असं लिहिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. आता तिथे चौथी आहे.

तुला पहिल्या दिवशीच कळलं होतं. 'काच दाखव' म्हणालीस. खोटं बोलताना मी तुझ्या डोळ्यांत बघत नाही, फोटो दाखवतो, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे?

का केलं ते विचारू नकोस. नाही, विचार. डिग्री नाही, हातात फक्कीची पाटी. वर्षातून एक दिवस पेटेतली म्हातारी माणसं आमच्या घरच्या पुरुषाला हात जोडतात. यंदा मला जोडणार होती. आणि तू, माझी तू, येऊन सांगतेस की पूल गेला. मला वाटलं, काच बदलली की झालं. आणि पडलाच तर खाली मीच असणार. स्वतःच्या खोट्याखाली स्वतः मेलो तर हिशेब पुरा. रागात असताना असं मरण फार सोपं वाटतं गं.

पण खाली मी असणार नाही.

घट बसले त्या संध्याकाळी आई रडली. एकुलता एक, लॉरी नको, पालखी खांद्यावरच न्या, म्हणाली. आप्पाजी काकांनी तिला गप्प केलं. "रत्ना, रडू नको. यंदा खरं वजन जातंय. एकतीस वर्षं मी नुसत्या पालखीखाली उभा राहिलो, आता तोफेएवढं जातंय आणि मी घरात बसू? गुडघा गेला खड्ड्यात. यंदाही मीच उभा राहतो. पोराला पुढची चाळीस वर्षं आहेत." सगळे हसले. मला नमस्कार करायला लावला त्यांना.

पाच दिवस आहेत. शिवलीला, काय करू?

अभिराज


१ ऑक्टोबर, खंडेनवमी

शिवलीला,

तुझी चिठ्ठी पोचली. 'मला का लिहायलास हे? दोड्डप्पांना सांग.' बस. एवढंच. तुझ्या जागी मी असतो तर आधी चार शिव्या घातल्या असत्या.

सांगितलं. अर्धं.

आज सकाळी घरात थाप्या, ओळंबे, हातोडे मांडून पूजा झाली. काकांनी माझ्या बाइकच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. मग ते एकटेच देव्हाऱ्यापुढे पेटी उघडून बसले होते. मी भीमाचार्यांनी लावलेला मजकूर त्यांच्यापुढे ठेवला आणि वाचून दाखवला. ते डोळे मिटून ऐकत होते. 

मग म्हणाले, "झालं वाचून?"

"दोड्डप्पा, हा मान नाही. ही बेडी आहे."

"असेल."

"असेल काय? त्या माणसाला धाकानं उभं केलं. हात तोडायची धमकी देऊन!"

"धाकानं का होईना, पोरगं उभं राहिलं की नाही? पाय लटपटत असतील, तरी राहिलं. पळून नाही गेलं."

"त्याच्यावर जबरदस्ती होती. तुमच्यावर आता कोणाची आहे?"

"माझ्या बापाची," ते म्हणाले. "त्यानं मरताना माझा हात धरून सांगितलं, आप्पा, वरून देवी गेल्याशिवाय खालून हलू नको. त्याला काय मोडी येत होतं? मला काय येतं? सनद म्हण, कतबा म्हण. सरी, बरं, आता मजकूर ठेव आत आणि आईला सांग, माझं धोतर कडक इस्त्री कर."

तेव्हाच काचेचं सांगायचं होतं. शब्द तोंडात आले होते. तेवढ्यात ते उठता उठता माझ्या खांद्यावर हात टेकून म्हणाले, "एक बरंय. तू शिकलास थोडं, भेगेवर ते काचेचं बसवलंस. तुझ्या भरवशावर उभा राहतोय मी. साहेबाला गवंड्याचा भरवसा नव्हता, मला आहे."

नाही बोललो. मी भेकड आहे. फाइल फेकणारा, रिपोर्ट फाडणारा, भेकड.

उद्या चार वाजता लॉरी निघेल. तू पुलाकडे येऊ नकोस. पोलिसांना कळवायचं असेल तर कळव, मी आडवा येणार नाही. पण त्यांनी अडसर लावले की पोरं उचलतात, आणि गिरीराज सगळ्यांना ओळखतो.

अभिराज


३ ऑक्टोबर, शुक्रवार

शिवलीला,

कोणी मेलं नाही. पहिल्या ओळीत हे सांगून टाकतो, कारण तू पत्र उघडताना श्वास धरलेला असशील.

सोबत एक झेरॉक्स आहे. फुटलेल्या काचा कधी बसवल्या, कधी फुटल्या, कधी बदलल्या, तारखांसकट लिहून मी आज वॉर्ड ऑफिसात दिलं. तुझ्या रिपोर्टला माझ्या सहीची गरज नाही, तरी केली. पुलाच्या दोन्ही तोंडांना आज मातीचे ढीग टाकलेत, ते पोरांना उचलता येणार नाहीत. घरात आई माझ्याशी बोलत नाही. पेटेत कोणीच बोलत नाही. समितीतल्या एकानं बाइकची सीट फाडली.

काल काय झालं ते तुला दुसऱ्यांकडून कळेल, त्याआधी माझ्याकडून ऐक.

तीन वाजता काका आंघोळ करून, कपाळाला कुंकू लावून, काठी टेकत पायऱ्या उतरले. ओढ्याचं गटार झालंय तरी ते चपला वरच ठेवतात. कमानीखालच्या दगडावर उभे राहिले. मी निशाण घेऊन लॉरीपुढे होतो. लॉरी फुलांनी भरलेली, वर वीस जण, जनरेटर धडधडतोय. चालवायला फत्तेसिंग, आमच्या लेआउटवर खडी टाकतो तो. चार वाजून दहा मिनिटांनी आम्ही पुलाच्या तोंडाशी आलो. पुढचं चाक पुलाला लागायला दोन हात उरले होते. मी वळलो आणि लॉरीकडे तोंड करून उभा राहिलो.

गिरीराज वरून ओरडला, "ए, पुढे हो की! मुहूर्त चाललाय."

"लॉरी जाणार नाही."

"काय?"

"काच फुटली होती. तीनदा. मी बदलली. पूल हलतोय."

वाजंत्री चालूच होती, त्यामुळे अर्ध्यांना कळलंच नाही. मला पुन्हा ओरडून सांगावं लागलं. खोटं मी फोटोनं सांगितलं होतं, खरं गळा फाटेपर्यंत ओरडून सांगावं लागलं. वाजंत्री एकेक करून थांबली.

गिरीराज उडी मारून खाली आला. "भ्यालास? तूच म्हणालास ना, लॉरी न्या!"

"मीच म्हणालो. खोटं म्हणालो."

त्यानं थोबाडीत मारली. चांगली सणसणीत. तुला ठाऊक आहे, माझ्यावर हात उचलणारा माणूस दुसरा हात उचलू शकत नाही. मी निशाण दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं, म्हणून वाचलो आम्ही दोघंही. एक म्हातारी म्हणाली, "देवीला अडवतोस? गवंड्याच्या पोटी असला कसा निपजला?" गिरीराजनं फत्तेसिंगला हात केला, "चल, घे पुढे. हा बाजूला होईल." गाडी गुरगुरली. बंपर माझ्या छातीला लागला. गरम होता. मी सरकलो नाही. शौर्य नव्हतं ते. पाय जागचे हललेच नाहीत.

मग इंजिन बंद झालं. फत्तेसिंग खाली उतरला, किल्ली खिशात टाकली आणि गिरीराजला हिंदीत म्हणाला, "इसका चाचा नीचे खड़ा है. ये खुद बोल रहा है पुल कच्चा है. मैं नहीं ले जाता. आप चला लो." गिरीराजला लॉरी चालवता येत नाही. वीस जणांत कोणालाच येत नव्हती.

अर्धा तास शिवीगाळ. मग पालखी उतरवून खांद्यावर घेतली आणि वळसा घालून मोठ्या रस्त्यानं नेली. पेटेची देवी पहिल्यांदाच दुसऱ्या वाटेनं दंडूत गेली. जाताना लोक माझ्या बाजूनं असे गेले की जणू मी रस्त्यावरचा खड्डा आहे. निशाण माझ्या हातातून काढून घेतलं.

आणि काका खालीच होते.

मी पायऱ्या उतरलो. ते कमानीखाली ताठ उभे, डोळे मिटलेले, गुडघा थरथरत होता. वाजंत्री थांबल्याचं ऐकलं असणार, पण हलले नव्हते. मी समोर जाऊन सगळं सांगितलं. श्रावणातली काच, दुसरी, तिसरी, चौथी, खडूची तारीख. तू नाही, मी खोटा, हेही सांगितलं.

त्यांनी डोळे उघडले. "श्रावणात फुटली?"

"हो."

"आणि काल मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"आणि मला येऊ दिलंस इथे."

ते शिवी देतील, काठी घालतील असं वाटलं. त्यांनी नुसतं वर बघितलं. भेगेवरचा पांढरा चुना डोक्याच्या अगदी वर होता. म्हणाले, "ती निपाणीची पोर बरोबर होती म्हण की."

"हो. दोड्डप्पा, चला आता. पालखी गेली दुसरीकडून. वरून आता काही जाणार नाही."

"मग मी कसा येऊ?"

मला कळेना.

"वरून गेल्याशिवाय खालून हलत नाही आपण. बापाला शब्द दिलाय. तू कागद वाचलास, मी ऐकला. पण शब्द मी दिलाय, येसाजीनं नाही. वरून काहीतरी गेलं पाहिजे."

"काय नेऊ? पूल हलतोय म्हणून तर..."

"मला काय विचारतोस? तूच इंजिनिअर."

मी वर गेलो. पेटेच्या तोंडाशी चपला काढल्या. पुलावर कोणी नव्हतं, फुलं सांडलेली होती. माझं वजन एकसष्ट किलो आहे. एवढा मोठा पूल, लॉऱ्या झेललेला, एकसष्ट किलोनं पडणार नाही, हे तूही सांगशील. पण खाली ते उभे होते आणि भेग मीच लपवली होती. आयुष्यात इतकं हळू मी कधी चाललो नाही. माथ्याशी आलो, बरोबर त्यांच्या डोक्यावर, तेव्हा पाय उचलवेना. उजवा टेकला, डावा टेकला. कठड्याचा दगड हाताला थंड लागला. मला येसाजीची पोरं आठवली नाहीत, साहेब आठवला नाही, खोटं का लिहू, तूसुद्धा आठवली नाहीस. फक्त खाली एक गुडघा थरथरतोय एवढंच डोक्यात होतं. एकूण एकेचाळीस पावलं झाली.

दंडूच्या बाजूला पाय टेकला तेव्हा खालून आवाज आला.

"कोण गेलं वरून?"

"मी," मी ओरडलो. "मीच गेलो, दोड्डप्पा."

"पूर्ण गेलास?"

"पूर्ण."

दगडावर काठी टेकल्याचा आवाज आला. "थांब तिथेच," ते म्हणाले. "येतो मी बाहेर."

अभिराज